चामड्याची सीट आणि दुरुस्तीचे श्रम

(हडपसर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

हडपसरच्या गाडीतळावर आज बसगाड्या, रिक्षा आणि उड्डाणपुलाखालची गर्दी दिसते. बैलगाडी दिसत नाही. नाव मात्र बैलगाड्यांचेच राहिले आहे. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा या शिवारातून वाहू लागला, भाजीपाला आणि ऊस पिकू लागला, तेव्हाची ही जागा. त्या शेतीत बैल जिवंतपणी राबे आणि मेल्यावरही त्याची सुटका नसे. त्याच्या कातड्याची मोट होई, नाडा होई, वादी होई, पायातला जोडा होई. पुढे १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक उभी राहिली, तिच्या पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि भोंग्याच्या वेळा पाळणारा कामगार सायकलीवरून सोलापूर रस्त्याला लागला. ज्या सायकलीवर तो बसे तिची बैठक पुन्हा जनावराच्या कातड्याचीच होती.

त्या बैठकीविषयी, म्हणजे सायकलच्या जुन्या चामडी सीटविषयी आणि ती पुन्हा उभी कशी करतात याविषयी, येथे बोलायचे आहे. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगार हे विषय सोडून अभ्यासवर्गाने सीटची चर्चा कशासाठी करावी, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु उत्पादनाचा विचार करताना समाजवादी चळवळीने कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या नव्या वस्तूकडे जितके पाहिले तितके त्या वस्तूला वीस वर्षे चालती ठेवणाऱ्या हाताकडे पाहिले नाही, ही वस्तुस्थिती आहे. दुरुस्ती करणारा कामगार युनियनच्या सभासदपत्रिकेत बसत नाही, कारण त्याला मालक नाही. तो कारखानदारही नव्हे, कारण त्याच्यापाशी भांडवल नाही. रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसलेला तो मनुष्य कोणत्या वर्गात मोडतो, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा त्याचे काम काय आहे ते आधी नीट समजून घेणे बरे.

चामडी सीटची रचना साधी आहे आणि तिचा सारा डौल त्या साधेपणातच आहे. गादीच्या सीटला आत पत्रा किंवा प्लॅस्टिकचा साचा असतो, त्यावर फोम आणि वरून रेक्झिन. चामडी सीटला यांपैकी काहीच नसते. सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा कातड्याचा एकच तुकडा पुढच्या टोकाला, म्हणजे नाकाला, आणि मागच्या वाकलेल्या लोखंडी पट्टीला रिव्हेटांनी ठोकलेला असतो. मधे कातडे अधांतरी ताणलेले. बसणारा खरे तर एका झोळीत बसलेला असतो. खाली लोखंडी सळया, मागे दोन जाड स्प्रिंगा, आणि नाकाच्या पोटात एक बोल्ट व नट. तो नट फिरवला की नाक पुढे सरकते आणि कातड्याचा ताण वाढतो. वर्षानुवर्षे बसून कातडे सैलावले तर ताण पुन्हा देता यावा, यासाठी ही योजना. वस्तू बनवणाऱ्यानेच वस्तू म्हातारी होणार हे गृहीत धरून तिच्या पोटात उपाय ठेवून दिला, असे आज किती वस्तूंबाबत म्हणता येईल?

या घडणीची सीट जगभर पोचवणाऱ्यांत इंग्लंडच्या ब्रूक्स कंपनीचे नाव ठळक आहे. जॉन बोल्टबी ब्रूक्स याने १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये घोड्याच्या खोगिरांचा आणि चामडी सामानाचा धंदा सुरू केला. पुढे त्याचा घोडा मेला, सायकलीवर बसण्याची पाळी आली, लाकडी बैठकीने हाल झाले आणि त्यातून १८८२ साली सीटचे पेटंट निघाले, अशी कथा ती कंपनीच सांगते. कथा खरी असो वा सजवलेली, खोगीर करणाऱ्या हातातून सायकलची सीट निघाली हे तर्काला पटणारे आहे. २००२ साली ही कंपनी एका इटालियन सीट-उत्पादकाने विकत घेतली. आज तिची सीट ही श्रीमंत हौशी सायकलस्वाराची चैन झाली आहे. एके काळी ती गिरणी कामगाराच्या आणि पोस्टमनच्या बुडाखाली होती, हे तिच्या जाहिरातीत फारसे येत नाही.

भारतात रॅलेची सायकल आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात होत असे आणि मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. हे दोन्ही कारखाने अडचणीत आले तेव्हा १९८० च्या कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. समाजवाद्यांनी त्याचे स्वागत करणे योग्यच होते. परंतु मालकी सरकारकडे गेल्याने यंत्रे नवी झाली नाहीत, मालाचा दर्जा सुधारला नाही, आणि पुढे दोन्ही कारखाने बंद पडले. खाजगी मालकांनीही फार निराळे केले नाही. अ‍ॅटलासच्या साहिबाबाद कारखान्यातील कामगारांना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्या दिवशीच, घरी बसवण्यात आले.

पुण्यात सायकलचा ऱ्हास त्याहून आधी सुरू झाला होता. १९७२ साली लुना आली. पाय मारण्याचे कष्ट वाचवणारी, हप्त्यावर मिळणारी ही गाडी कारकुनाला आणि कुशल कामगाराला मोहात पाडणारी होती, आणि त्या मोहाबद्दल कोणी त्याला बोल लावू नये. दिवसाकाठी पंधरा मैल सायकल मारून आठ तास यंत्रापाशी उभे राहणाऱ्याला सायकलच्या पर्यावरणीय गुणांचे व्याख्यान देणे सोपे असते. महापालिकेचा बिल्ला लावलेल्या सायकली माळ्यावर गेल्या, काही भंगारात गेल्या, काही दूधवाल्याकडे आणि भाजीवाल्याकडे गेल्या. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते हडपसर बस-मार्गाची योजना सुरू झाली तेव्हा त्यालगत सायकलपट्टे आखले गेले. पुण्याने सायकलींना वाट द्यावी असे ठरेपर्यंत त्या वाटेवर येणाऱ्या सायकली कमी झालेल्या होत्या.

आता त्या माळ्यावरच्या सायकली पुन्हा खाली उतरू लागल्या आहेत. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली लोकांसाठी उघडले. वडिलांची किंवा आजोबांची सायकल जशी होती तशी करून घ्यावी, ही इच्छा अनेक घरांतून दिसते. रंग मिळतो, चेन मिळते, टायर मिळतो. अडते ते सीटपाशी.

माळ्यावर पंचवीस-तीस वर्षे पडलेल्या चामडी सीटची अवस्था साधारणपणे ठरलेली असते. पुण्याच्या पावसाळ्यात तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरते आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली ती वाळून खडखडीत होते. कातड्यातील स्निग्धांश निघून गेला की तंतू एकमेकांवर सरकेनासे होतात आणि वरच्या पृष्ठाला आडव्या भेगा पडतात. मधला भाग खचून पन्हळीसारखा झालेला असतो, बाजूचे पदर फेंगडलेले असतात. रिव्हेटांभोवती काळे डाग दिसतात. ते डाग मळाचे नसतात. सालीने कमावलेल्या कातड्यातील कषायद्रव्य आणि लोखंडाचा गंज यांचा ओलाव्यात संयोग झाला की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई अशाच रीतीने होत असे. त्या काळ्या वर्तुळात कातडे ठिसूळ झालेले असते आणि सीट फाटायची ती बहुधा तेथूनच फाटते.

जाणता कारागीर अशी सीट हाती आल्यावर प्रथम काहीच करीत नाही. तो ती उलटी करून पाहतो. कातडे अंगठ्याने दाबून पाहतो. भेग वरच्या पृष्ठापुरती आहे की आरपार गेली आहे, हे ठरल्याशिवाय पुढचे पाऊल नाही. आरपार गेली असेल तर तेल, मेण, काही उपयोगाचे नाही. कातडेच बदलावे लागते. भेग वरवरची असेल तर कोरड्या ब्रशाने बुरशी झाडायची, ओलसर फडक्याने पुसायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात नाही, चुलीपाशी तर मुळीच नाही. ओले कातडे तापले की आकसते आणि एकदा आकसलेले पुन्हा पूर्वस्थितीला येत नाही.

मग स्निग्धता. येथे हौशी माणसाची चूक हमखास होते. कातडे वाळले आहे म्हणून तो सीट तेलात बुडवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी कातडे मऊ लुसलुशीत लागते, तो खूष होतो, आणि महिन्याभरात सीट झोळणा होऊन सळयांना टेकते. सीटच्या कातड्याला चपलेच्या पट्ट्याचा मऊपणा नको असतो, ढालीचा ताठपणा हवा असतो. म्हणून चरबी आणि मधमाशीचे मेण यांचे मिश्रण कोमट करून बोटाने थोडे थोडे, खालच्या उघड्या बाजूने जास्त आणि वरून कमी, असे चोळतात. एक रात्र मुरू देतात आणि उरलेले पुसून टाकतात. दोन-तीन वेळा हेच करायचे. विलायती डबीत मिळणारे मलम तत्त्वतः याहून फार वेगळे नसते, त्यातही चरबी, तेल आणि मेणच असते. त्या डबीला कौतुकाने किंमत मोजणारा गृहस्थ ते चोळण्याच्या मजुरीत मात्र घासाघीस करतो, ही गंमत पुण्याच्या रस्त्यावर पाहायला मिळते.

खचलेला मध वर आणण्याचे काम अधिक जोखमीचे. सीट साध्या, गार पाण्यात भिजवायची, कातडे लवचिक झाले की तळहाताने आणि अंगठ्यांनी पोट वर घ्यायचे, फेंगडलेले पदर आत दाबायचे, आणि दोरीने किंवा कापडी पट्टीने गच्च बांधून दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचे. पदर फारच सैल असतील तर त्यांच्या खालच्या काठाला आरीने भोके पाडून दोन्ही बाजू पोटाखालून वादीने आवळतात, जशी मृदंगाची पाने आवळतात. त्यानंतर ताणाचा नट. तो गंजलेला असतो. त्यावर आदल्या दिवशी तेल सोडावे लागते. पाना लावून पाव फेरा द्यायचा, सीट हाताने ठोकून आवाज ऐकायचा, हवा तर आणखी पाव फेरा. उत्साहाने दोन-तीन पूर्ण फेरे दिले की नाकाच्या रिव्हेटांपाशी कातडे चिरते आणि सगळी मेहनत व्यर्थ जाते. हा पाव फेरा कुठे थांबवायचा हे कोणत्याही पुस्तकात लिहून भागत नाही. ते हाताला कळावे लागते.

कातडे बदलायचे असेल तर जुने रिव्हेट छिन्नीने कापून सांगाडा मोकळा करतात, गंज घासून काढतात आणि जुने कातडे हाच बेत म्हणून नव्यावर आखतात. रापीने काठ तासायचा, भिजवायचे, लाकडी साच्यावर ओढून वाळवायचे, सांगाड्यावर चढवायचे आणि तांब्याचे रिव्हेट ऐरणीवर ठेवून ठोकायचे. येथे सायकल-दुकानदार आणि चर्मकार या दोघांचे ज्ञान एकत्र यावे लागते. दुकानदाराला नट, स्प्रिंग, सळई कळते पण कातड्याची कूस कळत नाही; चर्मकाराला कातडे कळते, पण सायकलवर बसणाऱ्याचा भार सीटच्या कोणत्या ठिकाणी येतो याची त्याला सवय नसते. गाडीतळाच्या आसपास हे दोघे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर बसलेले असू शकतात. तरीही एकाचे काम दुसऱ्याकडे पोचवणारा दुवा बहुधा नसतो, आणि गिऱ्हाईक प्लॅस्टिकची सीट बसवून मोकळे होते.

दुसरी अडचण मालाची आहे. कोणतेही कातडे चालत नाही. बाजारातील बहुतेक कातडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते थोड्या वेळात तयार होते, मऊ असते, पिशवीला आणि बुटाच्या वरच्या भागाला उत्तम. पण ते भिजवून घडवलेला आकार धरून ठेवत नाही. सीटला लागते ते सालीने कमावलेले जाड कातडे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरलेले, कोल्हापुरी पायताणाचा तळ ज्याचा होतो त्या जातीचे. कोल्हापूरकडे कातड्याचीच पिशवी शिवून, तीत सालीचे पाणी भरून, ती टांगून कातडे कमावण्याची रीत आहे. कातडे आपल्याच पोटातले पाणी हळूहळू पिऊन पक्के होते. ही रीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली त्यांची नावे कोणत्याही तंत्रविद्यालयाच्या भिंतीवर नाहीत.

आणि येथे मित्रहो, गोष्ट सीटपुरती राहत नाही. कातडे कमावणारा ढोर, शिवणारा चांभार, मेलेले जनावर ओढून नेणारा महार, अशी ही साखळी जातींची होती. मोट चालली तर सगळ्या गावाचे पोट भरे, पण मोट शिवणाऱ्याने गावाच्या विहिरीला शिवायचे नाही असा नियम होता. कातडे ज्याने हाताळले तो अपवित्र. त्या कातड्यावर जो बसला, ते पायात घालून जो चालला, त्याला मात्र विटाळ होत नसे. सायकल आली तेव्हाही यात बदल झाला नाही. सोवळेओवळे कडक पाळणारी पेठेतील मंडळीही चामडी सीटवर बसून कचेरीत गेली. विटाळ वस्तूला नव्हता, माणसाला होता. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मांडलेले सूत्र पडताळून पाहायला सायकलच्या सीटइतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

म्हणूनच जुनी कारागिरी लोप पावते आहे म्हणून जो हळहळतो त्याने एक गोष्ट विसरू नये. अनेकांनी ही कामे आपण होऊन सोडली, निर्धाराने सोडली. मेलेली ढोरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका, हा संदेश १९२७ च्या महाड परिषदेपासून गावोगाव पोचला आणि त्यातून माणसे ताठ उभी राहिली. ज्या बापाने पोराच्या हाती रापीऐवजी पाटी दिली त्याने कारागिरीचा घात केला असे म्हणणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. सीट पुन्हा उभी राहावी, पण तिच्याबरोबर जन्माने ठरलेला धंदा पुन्हा उभा राहू नये. अवघड आहे ते हे.

सरकारी योजना या कसोटीवर घासून पाहिल्या पाहिजेत. महाराष्ट्रात रस्त्यावरच्या चर्मकाराला सरकारी भाषेत गटई कामगार म्हणतात आणि त्याला पत्र्याचा स्टॉल देण्याची समाजकल्याण खात्याची योजना आहे. ऊन-पावसात बसणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळते, ही गोष्ट लहान नव्हे. पण योजना तेथे थांबते. स्टॉल मिळतो, चांगले कातडे कोठून आणायचे, नवे काम कसे शिकायचे, स्टॉल ठेवायची जागा पुढच्या रस्तारुंदीकरणात जाणार नाही याची हमी कोण देणार, हे प्रश्न तसेच राहतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत चर्मकारही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांचे कर्ज, अशी तिची मांडणी आहे. पैसा उपयोगाचा आहे, तो नाकारावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र कुटुंबपरंपरेने चालत आलेल्या धंद्यावर त्या योजनेचा भर आहे, आणि याच कारणाने तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती तिच्या मूळ स्वरूपात राबवण्यास नकार देऊन जातीशी न जोडलेली स्वतःची योजना आखली. तामिळनाडूच्या त्या भूमिकेमागे राजकारण नव्हते असे मानण्याचे कारण नाही. तरी आक्षेप खरा आहे. रापी चालवण्याचे शिक्षण ज्याला हवे त्याला मिळावे, ब्राह्मणाच्या मुलाला आणि मराठ्याच्या मुलीलाही मिळावे, आणि ज्याच्या घरात ती चार पिढ्या चालली त्याला तेथे शिक्षक म्हणून पगार मिळावा. तोवर धंदा वाचवणे याचा अर्थ ठरावीक जातीला त्या धंद्यातच ठेवणे असा होत राहील.

एकीकडे कारागीर वाचवण्याची भाषा आणि दुसरीकडे त्याचा कच्चा माल आटवणारा कायदा, असेही घडले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर राज्यात बंदी आली. म्हशीच्या कातड्यावर बंदी नाही, नैसर्गिक मृत्यूने मेलेल्या जनावराचे कातडेही बेकायदेशीर नाही. परंतु कायद्याच्या कलमापेक्षा रस्त्यावरची दहशत मोठी असते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारहाण झाली. त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. असे दृश्य देशभर पाहिल्यावर कातडे घेऊन टेम्पो चालवण्याचे धाडस किती जण करतील? म्हातारा बैल शेतकऱ्याला पोसवत नाही, विकता येत नाही. आणि कातड्याची वाट तुटल्यावर चर्मकाराचे हात रिकामे राहतात. शेतकरी आणि कारागीर यांचे हितसंबंध येथे एक आहेत, ही गोष्ट हडपसर-फुरसुंगीच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांपुढे मांडण्याइतकी सरळ आहे.

जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने कोल्हापुरी पायताणाच्या घडणीच्या चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही, तेव्हा महाराष्ट्रात मोठा संताप उसळला. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे त्या संतापाला आधारही होता. पण संतापलेल्यांपैकी कितीजणांनी आपल्या नाक्यावरच्या चर्मकाराशी टाच बदलताना भाव केला नसेल? परदेशी कंपनीने श्रेय दिले नाही म्हणून चिडणारा समाज स्वतः मोबदला देत नाही.

दुरुस्तीचा हक्क हा शब्द अलीकडे सरकारदरबारीही पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या या चार क्षेत्रांपासून सुरुवात झाली. ग्राहकाला वस्तू दुरुस्त करून घेता आली पाहिजे, सुटे भाग मिळाले पाहिजेत, हे योग्यच आहे. या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी ग्राहक आहे. दुरुस्ती करणाऱ्याचा हक्क, त्याची जागा, त्याचा दर, हे मागे राहिले आहेत. डॉ. लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला होता. लहान यंत्र म्हणजे केवळ आकाराने लहान नव्हे, तर माणसाच्या ताब्यात राहणारे, त्याला उघडता आणि जोडता येणारे. चामडी सीटची सायकल त्या व्याख्येत बसते. तिला दुरुस्त करणारा हात नसेल तर लोहियांचे लहान यंत्रही भंगारच ठरेल.

हडपसरमध्ये काय करता येईल, एवढेच आता उरते. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्रीय कायदा झाला. पुष्कळ कार्यकर्त्यांचा समज असा की तो भाजी, वडापाव, कपडे विकणाऱ्यांपुरता आहे. तसे नाही. रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणाराही त्या कायद्याच्या व्याख्येत येतो. म्हणजे चर्मकार येतो, पंक्चरवाला येतो, कुलूप दुरुस्त करणारा येतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. सर्वेक्षणाचे कर्मचारी येतात तेव्हा ज्याच्या हातगाडीवर माल मांडलेला असतो त्याची नोंद सहज होते. पोत्यावर आरी, रापी आणि ऐरण एवढेच मांडून बसलेला माणूस दुपारी जेवायला उठला तर यादीतून गळून पडतो.

म्हणून गाडीतळापासून रामटेकडीपर्यंत आणि पुढे मगरपट्ट्याच्या फाटकापर्यंत, दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद करण्याचे काम कार्यकर्त्यांना लगेच हाती घेता येईल. नाव, जागा, किती वर्षे बसतो, काय दुरुस्त करतो, कातडे किंवा सुटे भाग कोठून आणतो. मगरपट्ट्याच्या आतल्या इमारतींत हौसेने सायकल चालवणारे तरुण बरेच आहेत आणि फाटकाबाहेर त्यांची सीट दुरुस्त करू शकणारे हात आहेत. मधल्या भिंतीला दार पाडायला भांडवल लागत नाही. चार चर्मकार आणि दोन सायकलवाले मिळून कोल्हापूरहून सालीचे जाड कातडे एकत्र मागवू लागले तर एकट्याला न परवडणारा माल सर्वांना परवडतो. संत रोहिदासांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून राज्यात आहे. असे कातडे तालुक्याच्या ठिकाणी वाजवी दरात मिळेल अशी वखार उघडावी, ही मागणी त्या महामंडळाकडे लेखी करता येईल.

आणि दर ठरवायला हवा. सीटला मेण-चरबी देण्याचा वेगळा, भिजवून आकार देण्याचा वेगळा, कातडे बदलण्याचा वेगळा. भिजवून आकार द्यायला तीन दिवस लागतात, त्यांतील हाताचे काम दोन-अडीच तासांचे असते आणि बाकीचा वेळ सीट सावलीत टांगलेली असते. गिऱ्हाईक अडीच तासांचे पैसे देऊ पाहते. परंतु ते तीन दिवस सीट सांभाळायला जागा लागते, आणि पावसाळ्यात ती कोरडी जागा चर्मकाराच्या स्टॉलमध्ये असतेच असे नाही. तेव्हा दराच्या पाटीवर त्या तीन दिवसांचेही पैसे लिहिलेले असावेत, आणि सर्वांच्या पाटीवर एकच आकडा असावा.